याडीची हो

कापसाचे ते दिवस वाईट होते. तांड्यावर 'यंदा कसं?' असं कोणी कोणाला विचारत नसे. तरी त्या वर्षाची आठवण निघाली की मला आधी हसूच येतं.

आमच्या याडीला, म्हणजे आईला, छातीत गाठ निघाली. कॅन्सर. नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नव्या औषधाची चाचणी सुरू आहे, त्यात हिला घेता येईल. नवं औषध फुकट, पण नेहमीची केमो, तपासण्या आणि खाटेचा खर्च विम्यातून यायला हवा. दिग्रसच्या पतसंस्थेतल्या माझ्या नोकरीमुळे याडीचा विमा होता, म्हणून मी निर्धास्त होते.

आमच्यात सोयरीक असो की विहीर, सगळे बसल्याशिवाय काही ठरत नाही. कडुनिंबाखाली तांड्याचे प्रमुख असलेले नायक, काका, आत्या, झाडून सारे बसले. दुपारभर कडाकडा भांडले आणि 'हो' ठरलं. याडी बाजूला शेंगा सोलत होती. तिला विचारायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

मग विमावाल्यांचं उत्तर आलं: चाचणीतल्या पेशंटला काहीच मिळणार नाही. माझं डोकंच फिरलं. चाचणीत गेली नाही तर हीच केमो, हीच खाट हे देणार, आणि गेली की ठेंगा! भांडायला मी यवतमाळच्या एसटीत चढले, तर मागोमाग अर्धा तांडा चढला.

विम्याच्या ऑफिसातला साहेब बिचारा दचकलाच. "पेशंट कोण आहे?" त्याने विचारलं आणि सगळे एकदम बोलायला लागले. याडीने हात वर केला.

"साहेब, कंपनीवाले नवं बियाणं फुकट देतात, एका तुकड्यात पेरून पाहा म्हणतात. पण वखरन, निंदन आपलंच. जुनं पेरलं असतं तरी ते करावंच लागते. मी तुम्हाले बियाणं मागून राह्यली काय? निंदन मागून राह्यली."

साहेब हसला. "माझ्या हातात नाही, पण वर लिहितो," म्हणाला. आत्याने आग्रह केला तेव्हा तिच्या डब्यातली भाकर-चटणीही त्याने खाल्ली. चाचणीतली भरती बंद व्हायला आली होती, मी रोज फोनपाशी जीव मुठीत धरून बसे. शेवटी मंजुरी आली. मी पतसंस्थेत पेढे वाटले.

चाचणीच्या संमतीपत्रावर सही करायच्या दिवशी नागपूरला जीप भरून माणसं. नायकांनी छाती पुढे काढून सांगितलं, "बाई, आमची समद्यायची हो आहे."

"मला फक्त यांच्याशी बोलायचंय," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

बराच वेळ झाला. आत्या दाराला कान लावायला निघाली, तिला मी मागे ओढलं. आता हिने नकार दिला तर सगळं मुसळ केरात, या विचाराने मग मीच दाराशी जाऊन उभी राहिले.

याडी बाहेर आली ती हसतच.

"काय म्हटलं तू?" नायकांनी विचारलं.

"बाईनं सांगतलं, नाही म्हटलं तरी इलाज होते, कोणी रागावत नाही. मंग मी नाही म्हणून पाह्यलं."

"नाही?" आम्ही सगळे ओरडलो.

"हो ना. बाईनं कागद बाजूले ठेवला. खरंच रागावली नाही. आजवर मले असं कोणी विचारलंच नव्हतं, बाप्पा." तिने पदर सारखा केला. "मंग म्हटलं, आण तो कागद. माही हो आहे."