हेडमास्तरांचा कोट

टेलरकाका आमच्याकडे पहिल्यांदा आले ते पडद्यांची मापं घ्यायला. आमच्याकडे म्हणजे जिथून बरं होऊन कोणी घरी जात नाही अशा रुग्णालयात. वीस खाटा, आणि मी तिथली दिवसपाळीची सिस्टर. एक आजोबा पायजमा मुठीत धरून बाथरूमकडे चालले होते, कारण कंबर म्हणून काही उरली नव्हती. काकांनी खिडक्या सोडल्या, तो पायजमा मागून घेतला आणि घरी नेऊन कमरेत शिवून आत घेतला, संध्याकाळपर्यंत परत आणून दिला. पडदे त्या दिवशी राहिलेच.

मग ते दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायला लागले, फुकट. दुकान बंद करून दोन वर्षं झाली होती आणि रेडीमेड कपड्यांना शिव्या घालणं एवढाच उद्योग उरला होता. सामानाच्या खोलीत त्यांनी आपलं जुनं मशीन आणून ठेवलं. माणूस झिजायचा, काका कपडा आत घ्यायचे. अंगाला टेप मात्र लावायचे नाहीत. कमरेचा आकडा ऐकून एका बाईंनी दिवसभर भिंतीकडे तोंड केलं होतं, तेव्हापासून सगळं माप नजरेनेच. मला आधी हा सगळा खुळचटपणा वाटे. एकदा मी म्हणालेसुद्धा, काका, आभाळच फाटलंय, ठिगळ कुठे कुठे लावणार? तर म्हणाले, आभाळ माझ्याकडे आलेलं नाही, पायजमा आलाय.

गेल्या वर्षी सात नंबरच्या खाटेवर हेडमास्तर आले. यकृताचा कर्करोग, बायको आधीच गेलेली, एकुलता एक मुलगा परदेशात. सुनेचे दिवस भरत आलेले, आणि पहिलं मूल गेलेलं असल्यामुळे ती अंथरुणाला खिळून. मुलाला त्यांनी फोनवर सांगून ठेवलं होतं, पोटाची जुनीच तक्रार आहे, थोडे उपचार चाललेत. तो कामासाठी इकडे येणार होता आणि रविवारी सकाळी दोन तास भेटणार होता. खरं कळलं तर तो परत जाणार नाही, आणि ती पोर तिकडे एकटी पडेल, हीच त्यांना धास्ती. कोणाला काय सांगायचं ते पेशंटने ठरवायचं हा आमचा नियम. तो नियम मी पाळला, पण मला त्यांचा रागच आला होता.

त्यांनी घरून आपला शाळेतला कोट मागवला, गळ्यापर्यंत बटणं असलेला. घातला तर आत आणखी एक हेडमास्तर मावला असता. काका कामाला लागले. खांद्यात कापूस भरला, बाह्या अरुंद केल्या, कुशी आत घेतल्या. जादा कापड टेलर कधी कापत नाही, आत दुमडून ठेवतो. गिऱ्हाईक अंगाने कधी सुटेल सांगता येत नाही. पण ती दुमड हेडमास्तरांच्या बरगड्यांना टोचायला लागली. शुक्रवारी काकांनी ती कापून टाकली. आता हे काही सुटायचे नाहीत, असं मला हळूच म्हणाले. कोट झकास बसला. हेडमास्तर आरशात बघून पहिल्यांदा हसले, आणि मी मनात म्हटलं, पण खोल गेलेला चेहरा कोण शिवून देणार?

या आजारात पोटात पाणी साठतं हे मला माहीत होतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही.

शनिवारी पोट फुगायला लागलं. डॉक्टरांनी थोडं पाणी काढलं, जास्त काढणं झेपलं नसतं. रविवारी सकाळी काका मुद्दाम आले तेव्हा कोटाची दोन टोकं एकमेकांपासून वीतभर लांब राहिली. उसवून सोडायला आत कापडच नव्हतं. काका खाली मान घालून नुसतेच बटण चाचपत राहिले. मुलगा यायला वीस मिनिटं होती.

"मागून उभा कापा," हेडमास्तर म्हणाले. "पुढून दिसला की झालं."

गेलेल्या माणसाला आम्ही कपडे असेच घालतो. काकांना ते ठाऊक होतं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कात्री दिली. चाळीस वर्षं या धंद्यात घालवलेल्या माणसाने कोटाची पाठ कॉलरपासून खालपर्यंत कापली. आम्ही त्यांना खुर्चीत बसवलं, कोट पुढून चढवला, बटणं लावली आणि पाठीशी उशी दिली.

मुलगा आला. दारातच क्षणभर थबकला, मग हसला. वडील सुनेची चौकशी करत राहिले, शाळेतले जुने किस्से सांगत राहिले. काका कोपऱ्यात पडद्याच्या कड्या मोजल्यासारखं करत होते. निघताना मुलगा वाकला आणि त्याने वडिलांना मिठी मारली. त्याचा हात पाठीमागे गेला आणि तिथेच थांबला. त्याने हात काढला नाही. कापलेल्या दोन्ही कडा त्याने हळूच एकमेकींजवळ आणल्या, उशी सारखी केली आणि म्हणाला, "कोट छान बसलाय, बाबा."

बाहेर व्हरांड्यात तो भिंतीला टेकून उभा राहिला. मला म्हणाला, "सिस्टर, जाऊ ना मी?"

वीस वर्षं ही नोकरी करतेय, पण मी एवढंच विचारलं, बाळाची तारीख कधीची? तारीख सांगून तो गेला.

आत आले तर हेडमास्तर काकांना विचारत होते, "कळलं का त्याला?"

"छे," काका म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते. "आणा तो कोट. शिवून ठेवतो."

हेडमास्तरांनी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"शिवू नका," ते म्हणाले. "आता असाच लागेल."