ओट्यासकट घर

माउसला हात लावण्याआधी काकू तो पदराने पुसायच्या आणि विचारायच्या, "हां भिया, आता कुठे दाबू?" तुमच्याही ऑफिसात असं कुणी असेल. पण त्यांना शिकवायचं काम तुमच्या गळ्यात पडलं नसेल, तर माझं दुःख तुम्हाला कळायचं नाही.

इंदूरच्या आमच्या ऑफिसात ड्रोनने काढलेल्या फोटोंवर घरांच्या रेघा मारून नकाशे तयार होतात. त्या सॉफ्टवेअरमध्ये बटणंच बटणं. काकू रोज एकच शिकायच्या. दुसरं दाखवायला गेलो की, "एकदम से नको ना भिया! पहले याची ओळख होऊ दे." मी डोकं धरून बसायचो.

काकूंच्या नवऱ्याचं काम सुटलं होतं. घर यांच्याच पगारावर. आणि साहेबांनी बजावलं होतं, महिनाअखेर काम बिनचूक आलं तरच नोकरी पक्की.

हळूहळू हात बसला, रेघा सुरेख यायला लागल्या. मग नवीनच तऱ्हा! प्रत्येक घर थोडं रस्त्यावर आलेलं. घर रस्त्यावर चढलं की सॉफ्टवेअर लाल खूण दाखवतं. काकूंची अख्खी गल्ली लाल.

"काकू, भिंतीपाशी थांबायचं. ओटा घरात धरत नाहीत."

"का बरं? ओटल्याशिवाय घर असतं का कधी?"

"नियम आहे."

"मग नियमवाले गर्मीत बसतात कुठे?"

मी चिडून खोडायचो. काकू "बिल्कुल सही भिया" म्हणायच्या आणि पुढच्या घराला पुन्हा ओटा जोडायच्या. एकदा मी सरळ ओरडलो, तर त्या हसल्या. मला आणखीच राग आला.

महिना संपता संपता परदेशीपुऱ्याचा तुकडा त्यांच्या वाट्याला आला. त्यांचं माहेर तिथलंच. मी म्हटलं, झालं कल्याण!

पण त्या दिवशी मला हाक आलीच नाही. जाऊन पाहिलं, तर गल्लीत एकही लाल खूण नाही. काकू शेवटच्या घरावर होत्या.

"हे आमचं. मिलमधून आले की बाबा इथेच चहा प्यायचे."

मग त्यांनी भिंतीची रेघ धरली, ओटा बाहेर ठेवला आणि सेव्ह केलं. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी नोकरी पक्की झाल्याचं सांगायला साहेब स्वतः आले, तर काकूंची खुर्ची रिकामी. मी वैतागून फोन लावला, म्हटलं, साहेब काही सांगायला आलेत.

"भावाकडे आलेय भिया. ओटल्यावर बसलेय जरा. साहेबांना म्हणा, उद्या सांगा."