मामांना पोचणारा आवाज

माझ्या बायकोच्या मामांइतका हट्टी श्रोता सबंध दौंडात झाला नसेल. ऐंशीच्या दशकात ते रेल्वेत नवे लागले, तेव्हा शेजारच्या क्वार्टरमधल्या एका गोव्याच्या गार्डानं त्यांना विलायती कॅसेटींचा नाद लावला. कोरडी गिटार, एकसुरी ड्रम आणि रुसल्यासारखा गाणारा माणूस. पुढं संसारात त्या कॅसेटींना बुरशी लागली. निवृत्तीनंतर माझ्या बायकोनं मोबाइलवर तीच गाणी शोधून दिली आणि मामा पुन्हा विशीत शिरले. शिरूरला आमच्या वास्तुशांतीला सनईऐवजी त्यांनी हेच लावलं. भटजी मंत्र विसरले. वडगाव रासाईला हीच गाणी लावून वांगी आणायला गेले, तर तिथल्या शेतकऱ्यानं काळजीनं विचारलं, गाणारा आजारी आहे का? मामा म्हणाले, "आजारी न्हाई. खरं बोलतोय."

गेल्या हिवाळ्यात मामा एका सकाळी उठले ते बहिरे होऊनच. एक कान इंजिनांच्या शेडमध्ये पूर्वीच गेला होता, आता दुसराही गेला. डॉक्टरांनी कानात इंजेक्शनं सुरू केली, पण लवकर फरक पडला नाही तर आशा सोडा, असंही बजावलं. घर गप्प झालं. मामा आमच्या ओठांकडं निकाल ऐकायला आलेल्या आरोपीसारखे बघत. मामींना ती गाणी कधीच सहन होत नसत, पण रोज दुपारी त्याच मोबाइल मामांच्या कानाशी धरून बसत आणि खुणेनं विचारत, येतंय का? मामा नकारार्थी मान हलवत. एकदा त्यांनी मोबाइल भिरकावला. मामींनी तो उचलून पदरानं पुसला आणि पुन्हा कानाशी धरला.

अखेर एका दुपारी मामांनी मामींचं मनगट घट्ट पकडलं. आम्ही जागच्या जागी थिजलो.

"खालचं येतंय," ते म्हणाले. "बास येतोय. वरचं न्हाई."

परत आलं ते तेवढंच. जाड आवाज पोचतात, बारीक पोचत नाहीत. कानाचं मशीन लावूनही नाही. आणि मामींचा आवाज तर बासरीसारखा. म्हणून त्या आता मामांशी छातीतून, घोगऱ्या आवाजात बोलतात. परवा त्यांनी मलाही तशाच आवाजात चहा विचारला आणि मला हसू फुटलं.

"हसा जावईबापू," मामी म्हणाल्या. "सवय अशी लागलीय, की पोरगी फोनवर मला वळखत न्हाई."

काय झालं म्हणून मामांनी विचारलं. मामींनी वाकून, घोगरं करून सांगितलं. मामांनी हातातला कप खाली ठेवला.

"त्या गाणाऱ्यांचे समद्यांचे आवाज टेपवर हायेत," ते म्हणाले. "तुझा पयला आवाजच तेवढा धरून ठिवायचा राहिला."

मामींनी चहा बशीत ओतला आणि बशी मामांच्या पुढं सरकवली.