तांदळातलं नाव

आज सुंठ कुटताना तो उग्र वास नाकात शिरला आणि मी जळगावच्या सासरी, लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी जाऊन पोचले. मी फैजपूरची, इंग्रजी शिकवणारी; सासर जैन किराणा व्यापाऱ्यांचं. मी हौसेनं चहात ओलं आलं किसून घातलं होतं. या घरात कंद चालत नाही, सुंठच चालते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांचे कप तसेच राहिले. माझं नवं नाव लिहायला तांदळाचं ताट मांडून ठेवलेलं होतं.

"काय घातलंस यात?" सासऱ्यांनी विचारलं.

"आलं, नाना," मी म्हणाले आणि घाबरून वर्गातलंच बोलत सुटले. "इंग्रजीत जिंजर. तो शब्द फ्रेंचमधून आला, त्याआधी लॅटिन, त्याआधी ग्रीक. ग्रीकांनी तो आपल्या प्राकृतातून नेला. सिंगबेर."

सासूबाईंचा चेहरा लाल झाला. नाना कपाकडेच बघत होते.

"म्हणजे दर घरी त्याचं नाव बदललं?"

"हो."

"आणि मूळचं?"

"ते आता कुणाच्या तोंडी नाही."

नानांनी ते ताट उचलून सासूबाईंच्या हातात दिलं. "या तांदळाचा भात लावा. हिचं नाव आहे तेच राहील."

मग त्यांनी चहा मोरीत ओतला. कितीतरी वर्षं मला तो ओतलेला चहाच आठवत राहिला, राखलेलं नाव नाही.