खिडक्यांचा निळा

माझे सासरे पलटणीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन रत्नागिरीला आल्यावर त्यांनी लिलावातून एक जुनी मिलिटरी जीप घेतली. ती धावायची कमी आणि अंगणात उभी राहायची जास्त. खाऱ्या हवेनं तिचा पत्रा खायला घेतला, तेव्हा मामंजींनी ठरवलं, की तिच्या अंगावर पूर्वीसारखी हिरवी-तपकिरी ठिगळं पुन्हा काढायची. ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट असेल.

अडचण एवढीच, की त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशन पंधरवड्यावर आलं होतं. नजर परत येईल न येईल, गाडी आधी झाली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. नवरा मुंबईला नोकरीला, सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. उरले मी. लग्नाला वर्ष झालं होतं आणि आमचं बोलणं चहा-जेवणापुरतंच होतं.

मी पॉलिशपेपरनं गंज घासायची, ते शेजारी खुर्ची टाकून हुकूम सोडायचे. माझा हात रांगोळीचा, त्यामुळे ठिगळांच्या कडा नेटक्या यायच्या. ते ओल्या रंगावर बोट फिरवून त्या मोडायला लावायचे. सरळ रेघेवर नजर अडकते, म्हणायचे. गाडी जिथं उभी राहायची तिथलाच रंग तिला द्यायचा, की मग ती दिसत नाही. मी मनात चरफडायची. सारवलेल्या अंगणात ही जीप लपवायची तरी कुणापासून?

ऑपरेशन दोन दिवसांवर आलं आणि गडद हिरवा संपला. बाजारात तसा मिळेना. घरात होता तो निळा ऑइलपेंट, माझ्या लग्नाच्या वेळी खिडक्यांना दिलेला. मी तोच लावून मोकळी झाले.

"अगो, जमला काय रंग?"

"जमला."

"तुझ्या डोळ्यांवर सोडलंय हो सगळं."

ऑपरेशन छान झालं. डॉक्टर म्हणाले, आता यांना रंग स्वच्छ दिसतील, निळा तर जरा जास्तच. आज सांगूनच टाकू, असं ठरवून मी रोज दवाखान्यात जायची आणि मोसंबी सोलून परत यायची. त्या माणसानं माझ्यावर नुकता कुठं विश्वास टाकला होता, तो मला गमवायचा नव्हता.

जाड भिंगांचा चष्मा लावून ते अंगणात आले. त्यांनी जीपकडे पाहिलं, मग खिडक्यांकडे, मग पुन्हा जीपकडे.

"मामंजी, मी खोटं बोलले," मी म्हटलं.

ते निळ्या ठिगळावरून हात फिरवत राहिले.

"खोटं कसलं गो? गाडी आता या घरापुढंच उभी राहायची. मग रंग घराचाच हवा."

मला रडूच आलं. ते वाकून म्हणाले, की ही कड मात्र सरळ आली आहे. त्यांनी ब्रश मागून घेतला आणि ती स्वतःच मोडली, निळ्यानंच.