खुशालरावांचा वाकडा अंगठा

दसऱ्याच्या दुपारी तीन वाजता खुशालराव जीपभोवती सातवी फेरी घालत होते. अकोटातल्या त्यांच्या मोहल्ल्यातली देवी एकतीस वर्षं याच जीपमधून सीमोल्लंघनाला जाते. आज जीप ढिम्म. सेल्फ मारून मारून बॅटरीही मलूल झाली.

"चार वाजेलोक वाट पाहतो," मंडळाचे भगवंतराव फाटकातूनच म्हणाले. "नायी तं लोडर टेम्पो सांगून ठेवला हाय. मंग दरसाल तोच. तुमचंही वय झालं, भाऊ."

"वय माहं झालं, देवीचं नायी!" खुशालराव बोलले खरे, पण मनात आलं, जीप गेली की आपल्याला तरी कोण बोलावणार?

चौदाव्या वर्षी ते कापसाच्या जिनिंगवरचे ट्रक चालू करायला पुढून हँडल मारत. एकदा इंजिनानं उलटा झटका दिला, उजवा अंगठा वाकडा झाला तो झालाच. पुढं सेल्फ आला अन् हँडलवाल्याचं काम गेलं. खुशालराव कार्बोरेटर शिकले. नुसत्या आवाजावरून स्क्रू पाव आटा फिरवायचे. पार तेल्हाऱ्याहून गाड्या यायच्या. मग कार्बोरेटरही गेला, पेट्रोल मोजून देणारा संगणक आला. गॅरेजचं शटर पडलं. उरली ही जीप.

नात आकांक्षा अमरावतीला गाड्यांचंच शिकते. ती दोष दाखवणारं यंत्र घेऊन धावली. "आबा, हे लावाची जागा कुठी हाय?"

"माह्या कानात!" आबा खेकसले. "सकाळी चालू होती. कोनं हात लावला?"

ओसरीवरून आकांक्षाची आजी जमुनाबाई म्हणाल्या, "हात काहून लावन मी? तुमी बंपरवर नारळ फोडून गेले, मी बॉनेट उघडून तीर्थ शिंपडलं. जीव तं आतच हाय ना तिचा."

"किती शिंपडलं?"

"तांब्याभर. लोडरचं कानावर आलं होतं, म्हटलं यंदा जास्तच घालावं."

खुशालरावांनी लगेच बॉनेट उघडलं. मग प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डब्याचं झाकण काढलं. वर तुळशीचं पान चिकटलेलं, आत थेंबच थेंब. पान त्यांनी खिशात ठेवलं. जमुनाबाईंनी पदर पुढे केला. झाकण पुसून कोरडं झालं, तोवर कोपऱ्यावर लोडरचा हॉर्न वाजला.

बॅटरीत ठिणगीपुरता जीव होता, सेल्फपुरता नव्हता. सकाळी पाटावर पुजलेलं जीपचं हँडल खुशालरावांनी झेंडूसकट उचललं. दोन झटक्यांतच धाप लागली.

"आना इकडे, आबा." आकांक्षानं हँडल हातात घेतलं.

"अंगठा बोटांसंगच ठेव. दांड्याले वेढू नको! वर ओढ, दाबू नको."

तिसऱ्या ओढीला इंजिन खोकललं, थरथरलं अन् धरलं. "उदो उदो!" लोक ओरडले. भगवंतराव लोडरवाल्याला हातानंच मागे घे म्हणत होते. खुशालरावांनी आधी नातीचा हात ओढून अंगठा चाचपला. सरळ होता. मग ते गाडीत चढले.