ताईचं बटण

दगडूभाऊ गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, रेखाने केला, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "अगं, पण माझं भांडण अजून संपलं नव्हतं!" पोरगी बिचारी मलाच धीर देऊ लागली. म्हातारीला धक्का बसला, असं तिला वाटलं असणार. धक्का कसला, संताप होता. आणि पाच आठवडे उलटले तरी तो जागचा हललेला नाही. जाण्याच्या तीन आठवडे आधी याच माणसाने मला सांगितलं होतं, की तरुणपणी मी दोन वर्षं स्टेजवर जी गिटार वाजवली, ती लोकांना ऐकू गेलीच नव्हती. आणि दहाव्याला एक पुढारी उभे राहून म्हणतात, खानदेशाला आवाज देणारा माणूस गेला. मी सतरंजीवरून उठणारच होते... गुडघे आडवे आले म्हणून त्यांचं भाषण पुरं झालं.

दगडूभाऊंचं जळगावात लाऊडस्पीकरचं दुकान होतं. लग्न असो, कीर्तन असो, निवडणूक असो, कर्णे त्यांचेच. सत्तर सालाच्या सुमारास गावात एक ऑर्केस्ट्रा निघाला. चालवणाऱ्याला आम्ही मास्तर म्हणायचो. साऊंड दगडूभाऊंचा, आणि गिटारवर मी. वय एकोणीस, दोन वेण्या, आणि डोक्यात एवढी हवा की ट्रॅक्टरचं टायर भरलं असतं. गिटार वडिलांनी भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या, देश सोडून चाललेल्या एका अँग्लो-इंडियन गार्डाकडून घेतलेली. मला आठ कॉर्ड यायच्या, त्यातल्या पाच बरोबर. पण चेहरा असा करायचे, की आठशे येत असाव्यात.

ती बिनविजेची, पोकळ लाकडाची गिटार मिक्सरला जोडायची कशी, हे तेव्हा आमच्याकडे कुणालाच ठाऊक नव्हतं. मिक्सर म्हणजे चटणीचा नाही हो. सगळ्या माईकचे आवाज एकत्र करणारी पेटी, आणि तीही दगडूभाऊंनी घरीच पत्रा कापून केलेली. आधी त्यांनी गिटारीपुढे माईक ठेवला. कर्ण्यातून अशी किंचाळी निघाली की तबलजी तबला सोडून पळाला. मग त्यांनी जुन्या ग्रामोफोनच्या मुंडीतला, सुईची थरथर पकडणारा खडा काढला आणि म्हणाले, "ताई, हा हिच्या पोटात चिकटवू. पण कुठं, ते हिलाच विचारावं लागंन." मी तारा छेडायच्या आणि त्यांनी गिटारीच्या लाकडाला कान लावून इंच इंच सरकायचं, असं दोन दुपारी चाललं. माझी आत्या दारात बसून राखण करत होती. शेवटी तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या खाली, जरा डावीकडे, ते थांबले. डोळे मिटले. "इथं बोलते." तिथे मेणाने खडा बसला, जाळीची वायर मिक्सरपर्यंत गेली, आणि तिथल्या शेवटच्या बटणाखाली त्यांनी चिकटपट्टीवर लिहिलं, 'ताई'. दुकानातल्या कर्ण्यातून हळू आवाजात दोन सूर आले. मी आत्याला मिठी मारली. आत्या म्हणाली, "सोड, लोक बघताहेत."

मग कार्यक्रम. जळगाव, एदलाबाद, बोदवड... कर्णे लोकांकडे तोंड करून. स्टेजवर आम्हाला ढोलक आणि ॲकॉर्डियनखेरीज काही ऐकू यायचं नाही. माझी गिटार माझ्या छातीशी, म्हणून मला तेवढी ऐकू यायची, आणि मला वाटायचं जगालाही येते. बोदवडला ऐन गाण्यात तार तुटली. टाळ्या नेहमीएवढ्याच पडल्या. एखादीला शंका आली असती. मी मैत्रिणींना सांगितलं, "पाच तारांवर गाणं निभावलं!" किती गाढव असावं माणसाने!

धुळ्याला मात्र वेगळं झालं. गणपतीचा मांडव, गच्च गर्दी. दुसऱ्या गाण्यात दोन्ही कर्ण्यांतून एकदम गिटार आली. भरदार, स्वच्छ. कुणीतरी माझ्या पाठीमागे उभं राहून वाजवतंय असं वाटून मी चक्क मागे वळून पाहिलं. लोकांनी माना उचलल्या. आणि मी काय केलं? घाबरले. तारांवर तळहात दाबला आणि तशीच उभी राहिले. कार्यक्रम संपल्यावर सगळ्यांदेखत दगडूभाऊंवर ओरडले, "मशीन बिघडवलंत तुम्ही! इतके दिवस कसं छान चाललं होतं!" ते वायर गुंडाळत राहिले. मास्तरांनीही त्यांना बाजूला घेऊन झापलं आणि पुढच्या कार्यक्रमापासून साऊंडला दुसराच माणूस आला. मला वाटलं, माझी बाजू घेतली. उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं आणि गिटार कपाटावर चढली.

पन्नास वर्षं मी या सगळ्याच्या बढाया मारल्या. नातवंडांना तर पाठ झाल्यात. त्या शेवटच्या भेटीतही दगडूभाऊंपुढे चहा घेत तेच चालू होतं. ऐकता ऐकता ते एकदम आपल्या अहिराणीत म्हणाले, "ताई, तुनं बटन बंदच व्हतं."

"कुठलं बटण?"

"बठ्ठा कार्यक्रममा. मास्तरनी अट व्हती. पोरगी स्टेजवर दिसाले पाहिजे, आवाज नको."

"सगळ्या कार्यक्रमांत? आणि तुम्ही ऐकलंत त्यांचं?"

"तुले सांगतू, तं तू घर बशी जाती."

म्हणजे माझ्या भल्यासाठी! मास्तरांचा मला तेवढा राग नाही, त्यांच्याकडून अपेक्षाच नव्हती. पण ज्याने लाकडाला कान लावून जागा शोधली, त्याने बटण बंद ठेवावं? घरी बसायचं की नाही, ते मी ठरवलं असतं. मी विचारलं, मग धुळ्याला का उघडलं? म्हातारा खाली बघत म्हणाला, "त्या दिन तू भारी वाजाडी ऱ्हायंती. माले ऱ्हावायनं नही."

त्यांना कसं कळलं, मी भारी वाजवत होते? तर बटण बंद असलं तरी पेटीला मागून हेडफोन लावून ते माझी गिटार ऐकायचे. दोन वर्षं. प्रत्येक कार्यक्रमात. एवढ्या गावांतला माझा श्रोता एकच, आणि तो समोर बसून बशीत चहा ओतत होता. मी कप अर्धा ठेवून उठले. नंतर त्यांचे दोन फोन आले, ते घेतले नाहीत. म्हटलं, बसू दे झुरत, पुढच्या महिन्यात जाऊन यथेच्छ भांडू. आता कोणाशी भांडू? माझ्या चुकलेल्या तीन कॉर्ड ज्याला माहीत होत्या, तो एकमेव माणूस परस्पर निघून गेला.

मागच्या आठवड्यात रेखाने दुकानामागची त्यांची खोली उघडून दिली. कर्णे एकात एक रचलेले, वायरींची वेटोळी खिळ्यांवर, आणि टेबलावर ती पत्र्याची पेटी. गायक, ढोलक, ॲकॉर्डियन... बोटांनी झिजून सगळी बटणं गुळगुळीत झालेली, वरची पांढरी रेघ पुसलेली. शेवटच्या बटणाची रेघ काल काढल्यासारखी. शून्यावर. मी ते धरलं आणि फिरवायला लागले. गंजून पार बसलं होतं.

"अक्का, जोर लावू नका," रेखा म्हणाली. "तुटेल ते."

"तुटू दे," मी म्हटलं, आणि दुसरा हातही लावला.